कराटेविद्येचें एक घराणें : गोजू-ऱ्यू

कराटे हा शब्द आतां आपल्या घरांतील लहान मुलांच्याहि तोंडीं रुळला आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत सायंकाळीं एखाद्या शाळेच्या पटांगणांत किंवा इमारतीच्या गच्चीवर पांढरे शुभ्र पोषाख घातलेलीं आणि कमरेला निरनिराळ्या रंगांचे पट्टे बांधलेलीं मुलें एका ओळींत उभीं राहून एका तालांत मुठी फेंकतांना दिसतात. आंकडे मोजले जातात तेहि जपानी भाषेंत. पाहणाराला सहज वाटतें कीं, ही जपानची एखादी अतिप्राचीन युद्धविद्या असावी. किती प्राचीन, असें विचारलें तर कोणी हजार वर्षें सांगतो, कोणी दीड हजार सांगतो. आणि आंकडा जितका मोठा, तितका विद्येचा मोठेपणा अधिक, असा एक समज या उत्तरांच्या मुळाशीं असतो.

या समजाची थोडी परीक्षा करावी, या हेतूनें मी आज कराटेच्या एकाच शाखेचा इतिहास आपणांपुढें मांडणार आहें. तिचें नांव गोजू-ऱ्यू. 'ऱ्यू' या जपानी शब्दाचा मूळ अर्थ प्रवाह असा आहे. परंतु आपल्या भाषेंत त्याला अधिक जवळचा शब्द शोधावयाचा तर तो 'घराणें' हा होय. गवयाचें घराणें जसें पोथींत नसून गळ्यांत असतें, आणि गुरूच्या गळ्यांतून शिष्याच्या गळ्यांत उतरतें, तशी ही विद्या गुरूच्या देहांतून शिष्याच्या देहांत उतरते. मधला एक देह नाहींसा झाला, तर मागें उरतें तें केवळ नांव. हें विधान मी अलंकार म्हणून करीत नाहीं. या घराण्यावर तसा प्रसंग खरोखरच आला होता. परंतु तो क्रमानें सांगणें बरें.

कराटेच्या उगमाविषयीं दोन कथा सर्वत्र प्रचलित आहेत. पहिली तर आपल्या देशाशींच निगडित आहे. दक्षिण हिंदुस्थानांतून बोधिधर्म नांवाचा एक भिक्षु चीनमध्यें गेला; शाओलिन विहारांतील भिक्षु ध्यानास बसून बसून दुर्बळ झालेले त्याला दिसले; म्हणून त्यानें त्यांस कांहीं व्यायाम शिकविले; आणि त्यांतून चीनची मुष्टिविद्या व पुढें कराटे जन्मास आली, अशी ती कथा आहे. ध्यानसंप्रदायाचा आद्य आचार्य म्हणून बोधिधर्माला चीन-जपानांत केवढा मान आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याचें नांव व्यायामाशीं जोडणारा जो चिनी ग्रंथ आहे, तो सतराव्या शतकांतला, म्हणजे त्याच्यामागून हजार वर्षांहून अधिक काळानें झालेला आहे. इतक्या उशिरानें आलेल्या साक्षीदाराचा शब्द इतिहासाच्या दरबारांत प्रमाण धरतां येत नाहीं. आपल्या देशाचें नांव त्या कथेंत येतें, एवढ्याच कारणानें आपण ती खरी मानूं लागलों, तर तो सत्याचा अपमान होईलच. परंतु ज्यांनीं ही विद्या खरोखर घडविली, त्यांच्या श्रमांचाहि अपमान होईल.

दुसरी कथा अशी कीं, जेत्यांनीं शस्त्रें हिरावून घेतल्यामुळें ओकिनावा बेटावरील गरीब शेतकऱ्यांनीं रात्रीं चोरून रिकाम्या हातांनीं लढण्याची कला निर्माण केली आणि तिच्या बळावर ते चिलखतधारी सामुराईंशीं झुंजले. ही कथा अंतःकरणाला भिडणारी खरी. पण तिलाहि फारसा आधार नाहीं. त्या बेटांच्या शो शिन नांवाच्या राजाचा १५०९ सालचा एक लेख प्रसिद्ध आहे. त्यांत तरवारी आणि धनुष्यबाण यांचा जो उल्लेख आहे, त्याचा अर्थ प्रजेला निःशस्त्र केलें असा पूर्वीं करीत असत. आतां अनेक अभ्यासक त्याचा अर्थ राज्याच्या रक्षणाकरितां शस्त्रसंग्रह केला असा करतात. शिवाय, ज्या जुन्या कराटेगुरूंचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, त्यांतील पुष्कळसे राजदरबारीं सेवेंत असलेल्या मानकरी वर्गांतले होते. नांगर धरणाऱ्या हातांपेक्षां लेखणी आणि राजमुद्रा धरणाऱ्या हातांचा या विद्येशीं अधिक संबंध आला, असेंच म्हणावें लागतें.

मग खरी हकीकत काय आहे? ती समजण्यास त्या देशाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. जपानच्या दक्षिणेस आणि चीनच्या पूर्वेस समुद्रांत जी द्वीपमालिका पसरली आहे, तिला ऱ्यूक्यू म्हणतात. तिच्यांतील सर्वांत मोठें बेट ओकिनावा. १४२९ सालीं या बेटावरील तीन लहान राज्यें एकत्र होऊन ऱ्यूक्यूचें राज्य स्थापन झालें आणि तें ४५० वर्षें टिकलें. शुरी ही त्याची राजधानी आणि नाहा हें त्याचें बंदर. लहानशा राज्याचें जीवन व्यापारावर अवलंबून होतें आणि व्यापाराची किल्ली चीनच्या हातीं होती. म्हणून ऱ्यूक्यूचीं गलबतें चीनच्या सम्राटाला नजराणे घेऊन जात आणि बदल्यांत व्यापाराची परवानगी मिळवीत. १३९२ सालापासून नाहाजवळच्या कुमे नांवाच्या वस्तींत चिनी कुटुंबें येऊन राहिलीं, अशी तेथील परंपरा आहे. दुभाषे, कारकून आणि खलाशी हीं त्यांच्यांतूनच पुढें येत. समुद्रापलीकडे, फूक्येन प्रांतांतील फूचौ शहरांत, ऱ्यूक्यूच्या लोकांकरितां एक स्वतंत्र उतारशाळा होती. १६०९ सालीं जपानच्या सात्सुमा संस्थानिकानें हें राज्य जिंकलें, तरीहि चीनशीं चाललेला हा व्यवहार त्यानें मोडला नाहीं. कारण त्यांतील नफा त्यालाहि हवाच होता. अशा रीतीनें दोन धन्यांची मर्जी सांभाळीत हें छोटें राज्य जगलें. आणि रेशीम, औषधें व कागद यांच्याबरोबर चीनची मुष्टिविद्याहि त्याच गलबतांतून नाहाच्या धक्क्यावर उतरली. तेथील लोक स्वतःच्या विद्येला नुसतें 'ते', म्हणजे 'हात', असें म्हणत. शुरीचा हात, नाहाचा हात, तोमारीचा हात, असे गांवावरून तिचे भेद ओळखले जात. आपला आजचा विषय नाहाच्या हाताचा आहे.

१८५३ सालीं अमेरिकन दर्यासारंग पेरी याचीं लढाऊ जहाजें नाहा बंदरांत आलीं. त्याच वर्षीं नाहा येथें हिगाओन्ना कानऱ्यो यांचा जन्म झाला. त्यांच्या बापाचा धंदा होडींतून सरपण आणून विकण्याचा होता. कानऱ्यो तरुण वयांतच फूचौला गेले. ते कोणत्या वर्षीं गेले आणि तेथें किती वर्षें राहिले याविषयीं निरनिराळ्या शिष्यपरंपरांचीं सांगणीं जुळत नाहींत. पण तेथें त्यांनीं रू रू को नांवाच्या गुरूपाशीं दीर्घकाळ अध्ययन केलें, याविषयीं सर्वांचें एकमत आहे. रू रू को हें ओकिनावाच्या उच्चारांत टिकून राहिलेलें नांव आहे. फूचौचे बगळा-शैलीचे एक आचार्य श्ये चुंगश्यांग हेच ते गृहस्थ होत, असें कांहीं संशोधक म्हणतात. परंतु या आचार्यांचा जन्म १८५२ चा. म्हणजे गुरु शिष्याहून अवघ्या एका वर्षानें वडील ठरतो! म्हणून इतरांना हें मत पटत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, ज्या गुरूच्या नांवावर आज जगांतील लक्षावधि माणसें आपली परंपरा सांगतात, त्याचें नांव एका परदेशी शिष्याच्या स्मरणामुळेंच जिवंत राहिलें आहे.

हिगाओन्ना परतले आणि कालांतरानें शिकवूं लागले. दरम्यान त्यांच्या देशाचें रूपच पालटलें होतें. १८७९ सालीं जपाननें ऱ्यूक्यूचें राज्य खालसा केलें, राजाला टोकियोस नेलें आणि ओकिनावा हा जपानचा एक जिल्हा झाला. चीनकडे जाणारीं नजराण्याचीं गलबतें कायमचीं थांबलीं. ज्या वाटेनें ही विद्या आली होती, ती वाट अशी बंद झाल्यावर जी काय शिदोरी होती, ती हिगाओन्नांसारख्यांच्या अंगांतच होती. त्यांनीं एकहि ओळ लिहून ठेविली नाहीं.

त्यांच्या शिकवणुकीचा पाया म्हणजे 'सांचिन' नांवाचा एकच अभ्यास. सांचिन याचा अर्थ तीन संग्राम. पाहणाराला त्यांत लढाईसारखें कांहींच दिसत नाहीं. मनुष्य उघड्या अंगानें उभा राहतो. पायांचे पंजे किंचित् आंत वळवून जमीन घट्ट धरतो. तीन पावलें अतिशय संथपणें पुढें टाकतो. आणि प्रत्येक हालचालीबरोबर ओटीपोटांतून श्वास ओढतो आणि सोडतो. गुरु भोंवतीं फिरत असतो. तो शिष्याचे खांदे, पाठ आणि मांड्या दाबून किंवा थापटून पाहतो. कोठें ढिलाई आहे, कोठें नको तेथें ताठरपणा आला आहे, हें त्याला हातानें कळतें. आपल्या तालमींतील वस्ताद नवशिक्या पोराला कित्येक महिने नुसत्या जोर-बैठकांवर ठेवतो, तसे हिगाओन्ना शिष्याला वर्षानुवर्षें याच एका प्रकारावर ठेवीत. पुष्कळ जण कंटाळून निघून जात. जे राहिले, त्यांच्यांत तीन नांवें आपणांस लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत : मियागी चोजून, क्योदा जुहात्सु आणि माबुनी केनवा.

माबुनी यांनीं पुढें हिगाओन्ना आणि शुरीचे आचार्य इतोसु या दोघांच्या नांवांतील अक्षरें घेऊन 'शितो-ऱ्यू' हें स्वतंत्र घराणें काढलें. तें आज जपानांत मोठें आहे. परंतु आपल्या कथेला खरें वळण मिळतें तें मियागी आणि क्योदा या दोन गुरुबंधूंमुळें.

मियागी चोजून यांचा जन्म १८८८ सालचा, नाहाच्या एका धनाढ्य व्यापारी घराण्यांतला. चौदाव्या वर्षीं ते हिगाओन्नांकडे आले आणि १९१५ सालीं गुरु निवर्तले, तोंवर त्यांची सेवा करीत राहिले. घरच्या संपत्तीमुळें पोटासाठीं धंदा करण्याचें त्यांस कारण नव्हतें. ती मोकळीक त्यांनीं विलासांत न दवडतां या एका विद्येला वाहिली. त्याच १९१५ सालीं ते स्वतः फूचौला गेले. परंतु गुरूचें गुरुस्थान त्यांस पूर्वींच्या वैभवांत सांपडलें नाहीं. चीनमध्यें राज्यक्रांति होऊन जुनी घडी विसकटली होती. म्हणजे मूळ झऱ्याकडे परत जाण्याचा मार्गहि उरला नव्हता. येथून पुढें जें कांहीं करावयाचें, तें स्वतःच्या बुद्धीनें आणि जबाबदारीनें करणें प्राप्त होतें.

मियागींनीं तें केलें. १९२१ च्या सुमारास त्यांनीं 'तेन्शो' नांवाचा एक नवा अभ्यास रचला. ओकिनावांत 'बुबिशी' नांवाचा एक हस्तलिखित चिनी ग्रंथ गुरुशिष्यांच्या हातांतून नकलला जात असे. त्यांत मुष्टियुद्धाच्या चित्रांबरोबर मर्मस्थानें आणि वनौषधि यांचीहि माहिती आहे. त्यांतील हाताच्या सहा मुद्रांवरून मियागींनीं तेन्शोची उभारणी केली. सांचिन कठोर, तर तेन्शो मृदु. सांचिनमध्यें मूठ मिटलेली, तर तेन्शोमध्यें पंजा उघडा. अभ्यासापूर्वींच्या अंगमोडणीचाहि त्यांनीं एक पद्धतशीर क्रम बसविला. दांड्याला बसविलेला दगड, कडा बोटांनीं धरून उचलावयाच्या मातीच्या घागरी, दोरी गुंडाळलेला मुष्टिप्रहाराचा खांब, हीं जुनीं साधनें त्यांनीं ठेविलींच. पण १९३४ सालीं ते हवाई बेटांत गेले असतां तेथील कुस्तीगीर वापरीत असलेलें एक मोठें लंबवर्तुळाकार लोखंडी कडें त्यांच्या नजरेस पडलें, आणि तेंहि त्यांनीं आपल्या आखाड्यांत आणलें. आज गोजू-ऱ्यूच्या कित्येक आखाड्यांत तें कडें 'पारंपरिक साधन' म्हणून मोठ्या आदरानें दाखविलें जातें.

तोंपर्यंत या घराण्याला नांव नव्हतें, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. १९३० सालीं टोकियो येथें निरनिराळ्या युद्धविद्यांचें प्रदर्शन झालें. मियागींचे पट्टशिष्य शिंझातो जिनआन यांनीं तेथें आपली विद्या दाखविली. कोणीतरी विचारलें, 'आपलें घराणें कोणतें?' शिंझातोंना उत्तर देतां येईना. जी वस्तु आपल्या गांवांत एकच आहे, तिला कोण कशाला नांव ठेवतो? परंतु जपानांत प्रत्येक विद्येला घराण्याचें नांव असावयाचें, ही रीत होती. त्यांनीं परत येऊन ही अडचण गुरूंना सांगितली. मियागींनीं बुबिशींतील एका पद्याकडे धांव घेतली. श्वास आंत घेणें आणि बाहेर सोडणें यांच्या संबंधानें त्या पद्यांत 'गो' आणि 'जू', म्हणजे कठोर आणि मृदु, हीं दोन अक्षरें जोडीनें आलीं आहेत. तीं उचलून त्यांनीं आपल्या विद्येला 'गोजू-ऱ्यू' हें नांव दिलें. १९३३ सालीं तें जपानच्या युद्धविद्यामंडळांत रीतसर नोंदविलें गेलें. म्हणजे ज्या नांवाला आपण प्राचीन समजतों, त्याला आज अद्याप शंभर वर्षेंहि झालेलीं नाहींत.

'कराटे' या शब्दाचीहि अशीच गोष्ट आहे. पूर्वीं तो ज्या अक्षरांनीं लिहीत, त्यांचा अर्थ 'चिनी हात' असा होता. उच्चार तोच ठेवून पहिलें अक्षर बदललें कीं अर्थ 'रिकामा हात' असा होतो. हनाशिरो चोमो नांवाच्या आचार्यांनीं १९०५ सालींच ही दुसरी अक्षरें वापरलीं होतीं; पण १९३६ च्या ऑक्टोबरांत नाहा येथें एका वृत्तपत्रानें भरविलेल्या आचार्यांच्या सभेंत त्यांचा पुरस्कार झाला आणि तीं रूढ झालीं. या सभेस मियागीहि हजर होते. त्या काळीं जपानांत सैनिकी वृत्तीला भरतें आलें होतें आणि चीनशीं युद्ध तोंडावर होतें. अशा वेळीं एखाद्या विद्येच्या नांवांत चीन असणें कोणालाच सोयीचें नव्हतें. रिकाम्या हाताच्या नांवामागें तत्त्वज्ञान जितकें होतें, तितकेंच राजकारणहि होतें, हें विसरतां कामा नये. ज्या देशानें ही विद्या दिली, त्याचें नांव तिच्यांतून असें पुसलें गेलें.

एव्हांना विद्या शाळांतूनहि शिरली होती. १९४० सालीं मियागींनीं तरुण मुलांकरितां 'गेकिसाइ' हे दोन सोपे प्रकार रचले. सांचिनवर वर्षें घालविण्याची सवड शाळेंतल्या मुलाला कोठून असणार? विद्या लोकांपर्यंत न्यावयाची, तर तिची पायरी खालीं आणली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. आज आपल्याकडील गोजू-ऱ्यूचीं मुलें आरंभीं शिकतात ते हेच प्रकार होत.

आतां दुसऱ्या गुरुबंधूकडे वळूं. क्योदा जुहात्सु हे व्यवसायानें शिक्षक. त्यांनीं ठरविलें कीं, गुरूंनीं दिलें तें जसेंच्या तसें सांभाळावयाचें. नांव घेतलें तेंहि गुरूंचेंच. हिगाओन्ना या आडनांवाचीं अक्षरें चिनी पद्धतीनें वाचलीं म्हणजे 'तोओन' होतें, म्हणून त्यांचें घराणें 'तोओन-ऱ्यू'. त्यांच्या परंपरेंत हिगाओन्नांकडून आलेले प्रकार चारच आहेत. मियागींच्या परंपरेंत याहून पुष्कळ अधिक आहेत. त्यांतील कांहींचीं नांवें तर नुसते आंकडेच आहेत. सेसान म्हणजे तेरा, सेपाइ म्हणजे अठरा, सान्सेरू म्हणजे छत्तीस, आणि सर्वांत लांब सुपारिंपेइ म्हणजे एकशें आठ. आपल्या जपमाळेच्या मण्यांइतके. मग चाराव्यतिरिक्त बाकीचे प्रकार हिगाओन्नांनीं एकट्या मियागींना दिले, कीं मियागींनीं ते अन्य ठिकाणांहून मिळविले, कीं स्वतः रचले? अभ्यासकांत याविषयीं आजहि वाद आहे. लिहून ठेवलेला कागद नसल्यामुळें दोन शिष्यांच्या अंगांतील हालचाली हाच येथें पुरावा आहे, आणि ते दोन पुरावे एकमेकांशीं जुळत नाहींत.

आणि मग युद्ध आलें. १९४४ च्या ऑक्टोबरच्या १० तारखेस विमानांच्या हल्ल्यांत नाहा शहर जवळजवळ सबंध जळून गेलें. १९४५ च्या १ एप्रिल रोजीं अमेरिकन सैन्य ओकिनावावर उतरलें आणि जूनअखेरपर्यंत त्या लहानशा बेटावर तुंबळ रणकंदन माजलें. बेटावरील नागरिकांपैकीं सुमारें एक चतुर्थांश लोक प्राणांस मुकले. गुहांत, पूर्वजांच्या थडग्यांत आणि उंसाच्या मळ्यांत माणसें मेलीं. शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. जुनीं दप्तरें आणि वंशावळी भस्मसात् झाल्या. मियागींनीं या युद्धांत पोटचीं तीन मुलें गमावलीं. आणि शिंझातो जिनआन, ज्यांच्या एका निरुत्तर क्षणामुळें या घराण्याला नांव मिळालें आणि ज्यांच्याकडे सर्वजण पुढचे वारस म्हणून पाहत होते, तेहि १९४५ सालीं मारले गेले. रिकाम्या हाताची कितीहि सिद्धि असली, तरी बाँबगोळ्यापुढें तिचा उपाय चालत नाहीं.

श्रोतेहो, या क्षणीं त्या विद्येची स्थिति काय होती, याचा आपण विचार करावा. चीनमधील मूळ हरवलें होतें. गुरूनें कांहीं लिहिलें नव्हतें. आखाडा जळला होता. वारस मेला होता. उरला होता तो सत्तावन्न वर्षांचा एक शोकग्रस्त मनुष्य, ज्याच्या देहांत हें सारें सांठवलेलें होतें. मियागींनीं त्या वेळीं 'आतां पुरे' असें म्हटलें असतें, तर त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणाला होता?

त्यांनीं तसें म्हटलें नाहीं. युद्ध संपल्यावर ते पोलिसांना शिकवूं लागले आणि नाहामधील आपल्या घराच्या अंगणांत त्यांनीं पुन्हां आखाडा सुरू केला. डोक्यावर छप्पर नाहीं, पायाखालीं माती. येणारे तरुणहि युद्धानें पोळलेले, कित्येक पोरके. मियागी प्रत्येकाचा बांधा पाहून त्याला झेपेल असा एखादा प्रकार निवडून देत. सांचिन मात्र सर्वांना. ८ ऑक्टोबर १९५३ रोजीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. आपल्यामागें घराण्याचा धनी कोण, हें त्यांनीं सर्वमान्य होईल अशा रीतीनें सांगून ठेविलें नव्हतें. शिष्यांनीं आपापले आखाडे काढले : मियाझातो एइइचि यांचें जुंदोकान, यागी मेइतोकु यांचें मेइबुकान, तोगुची सेइकिचि यांचें शोरेइकान; आणि जपानच्या मुख्य भूमींत यामागुची गोगेन यांनीं युद्धापूर्वींच क्योटोच्या विद्यार्थ्यांत या विद्येचें बीज पेरलें होतें. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या अमलाखालीं होतें. ज्या सैन्यानें हें बेट उध्वस्त केलें, त्यांतलेच शिपाई सायंकाळीं या आखाड्यांच्या दारांशीं येऊन पायांतले बूट काढूं लागले आणि शिकलेली विद्या आपल्या देशीं घेऊन गेले. इतिहासांत विजेता शिष्य होऊन जित्याच्या पायांशीं बसल्याचीं उदाहरणें फार थोडीं; त्यांतलें हें एक आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे परत येऊं. पारंपरिक कशास म्हणावें? आपल्या गच्चीवरील मुलांचा पांढरा पोषाख आणि रंगीत पट्टे हे जूदोच्या अनुकरणानें विसाव्या शतकांत आले. हिगाओन्नांच्या आखाड्यांत ते नव्हते. विद्येचें नांव नवें, लिहिण्याचीं अक्षरें नवीं, लोखंडी कडें हवाईचें. कठोर टीकाकार म्हणेल, मग यांत जुनें तें काय राहिलें? आणि क्योदांकडे बोट दाखवून तो म्हणेल कीं, खरी निष्ठा ती. क्योदांची निष्ठा वंदनीय आहे, यांत शंका नाहीं. ते उत्तरायुष्यांत क्यूशू बेटावरील बेप्पू येथें राहिले आणि १९६८ सालीं वारले. त्यांची परंपरा थोड्या शिष्यांच्या हातीं, पण शुद्ध राहिली. हिगाओन्नांनीं नेमकें काय शिकविलें, हें जाणून घ्यावयाचें तर आज त्यांच्याच परंपरेकडे जावें लागतें. एकानें बीज जसेंच्या तसें कोठारांत जपलें. दुसऱ्यानें तें शेतांत पेरलें. कोठार नसेल तर मूळ वाण कोणता तें कळत नाहीं. शेत नसेल तर पीक येत नाहीं.

परंतु एक गोष्ट दोघांतहि सारखी आहे, आणि माझ्या मतें परंपरेचा प्राण तींतच आहे. दोघांनींहि कंटाळून निघून जाण्याच्या जागीं न जातां सांचिन केली. गुरूनें खांद्यावर हात ठेवला. शिष्यानें आपला दोष ओळखून श्वास पुन्हां पहिल्यापासून घेतला. नांवें, पोषाख आणि साधनें बदललीं. हा व्यवहार बदलला नाहीं. फूचौच्या अज्ञात गुरूच्या अंगणांत तो होता, नाहाच्या जळलेल्या शहरांतील अंगणांतहि तो होता. विद्येचें वय तिच्या दंतकथांनीं वाढत नाहीं. एका पिढीनें घेतलेले श्रम दुसऱ्या पिढीनें आपल्या अंगावर घेतले म्हणजे तिचें आयुष्य एका पिढीनें वाढतें, एवढाच तिच्या दीर्घायुष्याचा हिशेब आहे.

२००५ सालीं ओकिनावाच्या प्रांतिक विधिमंडळानें १९३६ च्या त्या सभेची आठवण म्हणून २५ ऑक्टोबर हा 'कराटे-दिन' ठरविला. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत कराटेचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या एकपात्री प्रयोगांत सुवर्णपदक मिळालें तें ओकिनावाच्याच एका तरुणाला, कियुना ऱ्यो यांना. त्यांचें घराणें गोजू-ऱ्यू नव्हे. तें ऱ्यूएइ-ऱ्यू, नाहाच्या हाताचेंच दुसरें एक घराणें, जें कित्येक पिढ्या एकाच कुटुंबांत गुप्त ठेवलेलें होतें. आणि गंमत अशी कीं, तेंहि आपला मूळ गुरु म्हणून ज्याचें नांव घेतें, तो फूचौचा रू रू को हाच होय. ज्याचें खरें नांव जगाला निश्चित ठाऊक नाहीं, त्या शिक्षकाचा हात असा दीडशें वर्षांनंतरहि कोणाच्यातरी खांद्यावर आहे.

तेव्हां आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी सायंकाळीं कराटे शिकून घरीं आली, म्हणजे तिला ही विद्या किती हजार वर्षांची आहे, हें विचारूं नये. तुझ्या गुरूंना कोणी शिकविलें, आणि त्या गुरूंना कोणी, असें विचारावें. तें उत्तर चार-पांच नांवांतच संपेल. पण तीं नांवें खऱ्या माणसांचीं असतील, आणि पुढचें नांव आपलें आहे, ही जाणीव त्या मुलाला होईल.